छातीला रेडिएशन घेतल्यानंतरचा खोकला

स्तनाच्या किंवा फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी छातीला रेडिएशन (आपल्याकडे काही जण ‘शेक’ म्हणतात) घेऊन झाले. दोन-तीन महिन्यांनी कोरडा खोकला लागला, जिना चढताना दम लागू लागला, अंगात बारीक ताप राहिला. घरचे म्हणतात हवा बदलली, नाहीतर थेट टीबीच. याचे तिसरेही एक कारण असते, रेडिएशन न्युमोनायटिस. यात जंतू नसतो. फुप्फुसाला सूज असते, आणि ती आपल्याच संरक्षक पेशींनी आणलेली असते.

किरण कॅन्सरवर सोडले तरी वाटेतल्या थोड्या निरोगी फुप्फुसालाही लागतात. तिथल्या वायुकोशांच्या आणि बारीक रक्तवाहिन्यांच्या पेशी जखमी होतात. वायुकोशात कायम पहाऱ्यावर असलेल्या मॅक्रोफेज पेशी मेलेल्या पेशी गिळतात आणि रासायनिक निरोप धाडून रक्तातून मदत बोलावतात. न्यूट्रोफिल येतात, लिम्फोसाइट येतात. हवेच्या जागेत पाणी आणि पेशी साचतात, म्हणून दम लागतो. आम्हाला याचे फार नवल वाटले, की एकाच बाजूला रेडिएशन घेतलेल्या स्त्रियांची फुप्फुसे आतून धुऊन ते पाणी तपासले, तेव्हा लिम्फोसाइट दोन्ही बाजूंना वाढलेले आढळले. म्हणजे ही नुसती भाजल्याची जखम नव्हे.

पुष्कळांची सूज उतरते. काहींमध्ये मात्र मॅक्रोफेज दुरुस्तीच्या कामाला लागतात ते थांबतच नाहीत. त्यांच्यातून टीजीएफ-बीटा नावाचे द्रव्य सुटते, त्यामुळे फायब्रोब्लास्ट पेशी चिवट तंतू विणत राहतात आणि फुप्फुसाचा तेवढा भाग व्रणासारखा कडक होतो. हा फायब्रोसिस. तो साधारण सहा महिन्यांनंतर दिसू लागतो आणि मागे फिरत नाही.

सूज मात्र बहुधा रेडिएशन संपल्यावर 1 ते 6 महिन्यांत येते. सोबत इम्युनोथेरपी चालू असेल तर धोका वाढतो. अँटिबायोटिकने ती उतरत नाही. त्रास जास्त असेल तर डॉक्टर प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड देतात. स्टेरॉइड या संरक्षक पेशींनाच आवरते, म्हणून आधी थुंकीची तपासणी करून टीबी किंवा दुसरा संसर्ग नाही ना, हे पाहावेच लागते. बरे वाटले म्हणून गोळी एकदम बंद करायची नाही. ती डॉक्टर काही आठवड्यांत हळूहळू उतरवतात. जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून परस्पर आणायचीही नाही.

आमचा अनुभव असा, की उपचार मोठ्या शहरात होतो, खोकला गावी आल्यावर लागतो आणि फाईल ट्रंकेत राहते. आया-बहिणी दवाखान्यात ‘ऑपरेशन झालंय’ एवढेच सांगतात. रेडिएशन कोणत्या बाजूला घेतले, कधी संपले, हेही सांगा. सीटी स्कॅनवरचा डाग बऱ्याचदा किरण गेले तेवढ्याच पट्ट्यात असतो. हे ठाऊक असेल तरच डॉक्टरांना तो ओळखू येतो.

बसल्या जागी धाप लागली किंवा ओठ निळसर दिसले, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.