बुद्धिबळ स्पर्धा : शेवटच्या पटापर्यंत समान सोय

देशातील पहिली राष्ट्रीय महिला बुद्धिबळ स्पर्धा १९७४ साली झाली आणि तिचे अजिंक्यपद वासंती खाडिलकर यांनी मिळविले. २०२५ साली नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी जॉर्जियातील बाटुमी येथे महिला विश्वचषक जिंकला. या अर्धशतकात हा खेळ तालुक्यातील शाळांपर्यंत पोहोचला आहे. स्पर्धा भरविताना पट, सोंगट्या व घड्याळे यांची जमवाजमव उत्साहाने होते. मात्र खेळाडू कोठे व कसे बसणार, हा प्रश्न पुष्कळदा शेवटी उरतो.

वास्तविक हा प्रश्न न्यायाचा आहे. रेक्याविक येथे १९७२ साली झालेल्या जागतिक अजिंक्यपदाच्या लढतीत बॉबी फिशर यांनी चित्रीकरणाच्या आवाजाविषयी तक्रार केली आणि तिसरा डाव रंगमंचामागील एका लहान खोलीत खेळविण्यात आला. पहिले दोन गुण गमावलेल्या फिशर यांनी तो डाव जिंकला व पुढे अजिंक्यपदही मिळविले. जगज्जेत्याच्या दर्जाचा खेळाडू जागा बदलून मागू शकतो. प्रथमच स्पर्धेस आलेला नऊ वर्षांचा विद्यार्थी मिळेल तेथे निमूटपणे बसतो. म्हणून त्याची काळजी आयोजकांनीच वाहिली पाहिजे.

स्विस पद्धत आणि टेबलांची संख्या

बाद पद्धतीत प्रत्येक फेरीनंतर निम्मी टेबले रिकामी होतात. आपल्याकडील बहुतेक खुल्या व शालेय स्पर्धा स्विस पद्धतीने होतात. तीत कोणीही बाद होत नाही. म्हणून ६४ खेळाडूंसाठी पहिल्यापासून अखेरच्या फेरीपर्यंत ३२ टेबले व ६४ खुर्च्या लागतात. या पद्धतीत गुणानुक्रमे पट लावले जात असल्याने आघाडीचे खेळाडू पहिल्या पटांवर, तर नवखे खेळाडू पुन्हा पुन्हा शेवटच्या पटांवर बसतात. डुगडुगणारे टेबल आणि अंधारा कोपरा शेवटी ठेवल्यास त्याचा भार दर फेरीला त्याच मुलांवर पडतो.

टेबल व खुर्ची

आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या मार्गदर्शनानुसार एका डावासाठी टेबलाची लांबी ११० सेंटिमीटर, रुंदी ८५ सेंटिमीटर व उंची ७४ सेंटिमीटर असावी. पटावरील घराची बाजू ५ ते ६ सेंटिमीटर आणि राजाची उंची सुमारे ९.५ सेंटिमीटर असते. पट ठेवल्यानंतर घड्याळ, चालींची नोंदपत्रिका आणि मारलेल्या सोंगट्या यांसाठी बाजूला जागा उरली पाहिजे. हात टेकण्यासाठी दोन्ही खेळाडूंसमोर निदान १५ सेंटिमीटर पट्टी मोकळी असावी.

शाळेतील बाकांचा वरचा भाग बसणाऱ्याकडे उतरता असेल तर ते या कामी येत नाहीत. पट घसरतो व सोंगट्या कलंडतात. अशा वेळी ग्रंथालयातील, ग्रामपंचायतीतील किंवा मंडपवाल्याकडील सपाट टेबले घ्यावीत. दोन टेबले जोडल्यास त्यांची उंची सारखी असल्याची खात्री करावी.

लहान मुलांसाठी ही उंची अधिक ठरते. घड्याळ दाबण्यासाठी ज्याला दरवेळी उभे राहावे लागते, त्याचा वेळ वाया जातो. खुर्चीवर सतरंजीची घट्ट घडी आणि पायांखाली लाकडी पाट ठेवल्यास ही अडचण दूर होते. शहाबादी फरशीवर लोखंडी खुर्च्या कर्कश आवाज करतात. त्यांच्या पायांना रबरी टोप्या बसवाव्यात अथवा सतरंज्या अंथराव्यात.

सभागृहाची मांडणी

उदाहरणादाखल १२ मीटर लांब व ९ मीटर रुंद सभागृह घेऊ. त्याच्या लांबीच्या भिंतींना खिडक्या आहेत. टेबलांच्या रांगा रुंदीच्या दिशेने लावल्यास दोन्ही खेळाडूंना प्रकाश बाजूने मिळतो. एकाच्या डोळ्यांवर उजेड व दुसऱ्याच्या पटावर सावली, असे होत नाही. टेबलाची रुंदी ८५ आणि दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांसाठी प्रत्येकी ७५, अशी एका रांगेला २३५ सेंटिमीटर जागा लागते. तीन रांगांनी सुमारे ७ मीटर व्यापल्यावर मध्ये सव्वा मीटरच्या दोन वाटा राहतात आणि दोन्ही टोकांनाही फिरण्यास जागा मिळते. प्रत्येक रांगेत सहा टेबले ठेवल्यास भिंतींलगत १.२ मीटरची वाट उरते. याप्रमाणे १८ पट, म्हणजे ३६ खेळाडू, येथे सुखाने बसतात. चौथी रांग घुसविण्याचा मोह टाळावा. त्यापेक्षा दुसरी खोली घ्यावी.

प्रकाश सुमारे ८०० लक्स, म्हणजे तांत्रिक रेखाटनास पुरेल इतका असावा. थेट ऊन पटावर येऊ नये. सर्व घड्याळे पंचांच्या वाटेकडे तोंड करून ठेवावीत. जोड्यांचा फलक, पालकांची बैठक व डाव संपल्यावर चर्चा करण्याची जागा सभागृहाबाहेर असावी. भ्रमणध्वनी जमा करण्यासाठी क्रमांक लावलेल्या पिशव्यांचे टेबल दाराशीच ठेवावे.

विशेष गरजा

चाकाच्या खुर्चीवरील खेळाडूसाठी पायऱ्या नसलेल्या दाराजवळचे टेबल राखून त्याची एक बाजू मोकळी ठेवावी. दृष्टिहीन खेळाडू स्वतंत्र पट वापरतो. त्यातील काळी घरे किंचित उंच असतात, प्रत्येक घराला भोक असते आणि काळ्या सोंगट्यांवर हाताला जाणवणारी खूण असते. समोरच्याचा पट वेगळा असल्याने येथे एकाच डावासाठी दोन पट मावतील असे मोठे टेबल लागते. नोंदणी अर्जातच अशी माहिती विचारून घेतल्यास ऐनवेळी धावपळ होत नाही.

या कामी मोठा खर्च नाही. मोजपट्टी, खडू आणि एक दिवस आधीची तयारी पुरेशी आहे. मांडणी पूर्ण झाल्यावर मुख्याध्यापकांनी अथवा सरपंचांनी शेवटच्या पटावर दहा मिनिटे स्वतः बसून पाहावे. तेथे उजेड पुरेसा असेल, खुर्ची हलत नसेल आणि बाहेरचा गलका ऐकू येत नसेल, तर स्पर्धेची व्यवस्था योग्य झाली असे समजावे.