ओळखीच्या माणसापुढे अर्धंच बोलणं होतं

एमबीएच्या प्रवेशासाठी मुलाखत कोणाला द्यायची, प्रवेश विभागाच्या अधिकाऱ्याला की माजी विद्यार्थ्याला, हे काही परदेशी संस्था उमेदवारावर सोपवतात. हिंगोली-वसमतकडच्या मुलाला अशा वेळी मोह होतो तो आपल्या भागातला, निदान मराठी तरी माजी विद्यार्थी गाठण्याचा. हा मोह आवरा, असं मी कळकळीनं सांगेन. आपल्या माणसापुढे भीती कमी होते हे खरं, पण सांगणंही कमी होतं. ‘घरी हळद आहे’ एवढ्यावर मराठवाड्यातला माणूस मान डोलावतो. कुकरमध्ये शिजवणं, उन्हात वाळवणं, ड्रममध्ये पॉलिश, मग मार्केट यार्डातलं बीट, हे त्याला ठाऊकच असतं. म्हणून ते सांगायचं राहून जातं. परका माणूस मात्र खोदून विचारतो. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यानं शेतकऱ्याच्या पट्टीत काय फरक पडला? माल इथला, मग भावासाठी सांगली-निजामाबादकडे का बघायचं? या उत्तरांतच व्यवस्थापनाची समज दिसते आणि संस्थेला तीच तपासायची असते.

मुलाखतकाराच्या हुद्द्यापेक्षाही त्यानं आपलं काय वाचलंय, हे आधी विचारावं. हार्वर्डमध्ये प्रवेश मंडळाचा माणूस अख्खा अर्ज वाचून बसतो आणि वेळ असतो ३० मिनिटांचा. तिथे अर्जातलंच पुन्हा सांगणं म्हणजे वेळ वाया घालवणं. स्टॅनफर्डमध्ये बहुधा माजी विद्यार्थी असतो आणि त्याच्या हाती फक्त बायोडाटा. तिथे गाव, घर, काम सगळं मुळापासून उभं करावं लागतं. इन्सिआडमध्ये सहसा दोन माजी विद्यार्थी वेगवेगळे भेटतात, म्हणजे एकच गोष्ट दोनदा, तितक्याच ताजेपणानं सांगायची तयारी हवी.

कोणी म्हणेल, जिल्ह्यातल्या मुलाला इंग्रजीचंच दडपण असतं, त्यात परका माणूस कशाला? हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच सुरुवातीचा सराव आपल्या माणसापुढे, अगदी मराठीतही करावा. विचार आधी मायबोलीत पक्का झाला की इंग्रजीत अडखळला तरी हरवत नाही. पण शेवटचे दोन-तीन सराव अनोळखी माणसापुढेच व्हावेत. दुसरा आक्षेप असा की, आयआयएममध्ये पॅनेल संस्थाच ठरवते, मग निवडीची चर्चा कशाला? पॅनेल आपल्या हाती नाही. सराव कोणापुढे करायचा, हे मात्र पूर्णपणे आपल्या हाती आहे. त्यासाठी हळकुंड आणि गड्डा यांतला फरकही ज्याला समजावून सांगावा लागेल, असा माणूस शोधा. त्याला आपली शेती, आपला बाजार आणि आपलं स्वप्न नीट उमगलं, तर पॅनेलमध्ये कोणीही बसलेलं असो, बोलायला तुम्ही तयार झालात.