पैसा फ्यूजनला की कोलायडरला?

सर्नला जिनिव्हाजवळ 91 किलोमीटर घेराचा नवा कोलायडर बांधायचा आहे. अंदाजे खर्च 15 अब्ज स्विस फ्रँक. हेच पैसे फ्यूजनला दिले तर भविष्यातलं तंत्रज्ञान लवकर नाही का येणार, असं तुमच्यातल्या बऱ्याच जणांना वाटत असेल. प्रश्न रास्त आहे. युरोपात राहत असाल तर यात तुमच्या कराचा पैसाही आहे.

आधी फ्यूजन कुठवर आलंय ते पाहू. इंग्लंडमधल्या जेट यंत्राने 2023 साली पाचेक सेकंदांत 69 मेगाज्यूल ऊर्जा काढली, इंधन लागलं फक्त 0.2 मिलिग्रॅम. एवढ्या उष्णतेत साधारण 200 लिटर पाणी उकळेल, म्हणजे मंडळाच्या गणपतीचा चहा झाला. पण यंत्र चालवायला त्याहून जास्त वीज लागली. कॅलिफोर्नियातल्या एनआयएफमध्ये डिसेंबर 2022 मध्ये 2.05 मेगाज्यूल लेझर-ऊर्जेतून 3.15 मेगाज्यूल मिळाले, हे तुम्ही वाचलंच असेल. त्या लेझरसाठी ग्रिडमधून सुमारे 300 मेगाज्यूल घेतले होते.

खरी गोम पुढेच आहे. ड्युटेरियम आणि ट्रिटियम एकत्र आले की सुमारे 80 टक्के ऊर्जा न्यूट्रॉन घेऊन जातो, 14.1 एमईव्ही. त्याच्यावर विद्युतभार नाही, त्यामुळे चुंबकीय क्षेत्र त्याला अडवत नाही. तो थेट भिंतीत घुसतो. पोलादातले अणू जागचे हलतात, आत हीलियमचे बुडबुडे धरतात, धातू ठिसूळ होतो. नेहमीच्या अणुभट्टीत विखंडनातून निघणारे न्यूट्रॉन सरासरी 2 एमईव्हीचे, म्हणून तिथल्या चाचण्या पुरत नाहीत. शिवाय ट्रिटियमचं अर्धायुष्य 12.3 वर्षं, त्यामुळे निसर्गात त्याचा साठा नाही. 1000 मेगावॉट फ्यूजन-शक्ती वर्षभर चालवायला ते सुमारे 55 किलो लागेल. भट्टीतच लिथियमपासून बनवावं लागेल, आणि कोणत्याही फ्यूजन यंत्राने अजून तेवढं बनवून दाखवलेलं नाही.

म्हणून निव्वळ तंत्रज्ञानासाठी पैसा द्यायचा तर माझं मत फ्यूजनला, पण आणखी एका टोकामॅकआधी धातू आणि ट्रिटियमच्या कामाला. कोलायडरवाल्यांनी तंत्रज्ञानाची लालूच दाखवू नये. हिग्ज बोसॉनपासून एकही उपकरण बनलेलं नाही. विश्व कशाचं बनलंय हे कळावं म्हणून कोलायडर हवा, आणि तसं सांगून पैसे मागायला लाजायचं कशाला?

एकाचं कापलं की दुसऱ्याला मिळतं, असंही समजू नका. अमेरिकेने टेक्सासमधला सुपरकोलायडर 1993 मध्ये रद्द केला, तोवर सुमारे 2 अब्ज डॉलर खर्च झाले होते. तीनच वर्षांत फ्यूजनच्या बजेटलाही मोठी कात्री लागली.

आणि माणसं तर दोन्हीकडे लागतात. स्पेनमध्ये ग्रनाडाजवळ डोन्स नावाचं केंद्र उभं राहतंय. तिथे 40 एमईव्हीच्या ड्युटेरॉनांचा 125 मिलिअँपिअरचा, म्हणजे 5 मेगावॉटचा झोत वाहत्या द्रव लिथियमवर आदळेल, आणि त्यातून निघणाऱ्या न्यूट्रॉनांखाली फ्यूजनच्या भिंतींचे धातू तपासले जातील. हे यंत्र म्हणजे कण-त्वरकच आहे, आणि तो बांधायला, चालवायला लागणारी विद्या कोलायडरवाल्यांच्याच तालमीतली.