कळ आपल्या सोयीची : नॅनोमध्ये स्वतःचे शॉर्टकट



आमच्या शाळेतल्या जुन्या संगणकांवर लिनक्स आहे. टायपिंगच्या सरावाला मुलं टर्मिनलमधला नॅनो हा साधा संपादक वापरतात. पाचवीतली एक मुलगी इंग्रजीत दहा ओळी लिहीत होती. चुकून कंट्रोल+के दाबलं गेलं आणि अख्खी ओळ गायब! घरी शिकल्याप्रमाणे तिने कंट्रोल+झेड दाबलं, ओळ काही परत येईना. नंतर ती कीबोर्डला हातच लावेना.

खरं तर ओळ हरवली नव्हती. नॅनोमध्ये कंट्रोल+के ओळ कापते, कंट्रोल+यू ती परत चिकटवते आणि ऑल्ट+यू शेवटची कृती मागे घेते. पण हे मुलांना आधी सांगायला मीच विसरले होते.

मग आम्ही कळच बदलली. कृती अशी :

१. आपल्या होम फोल्डरमध्ये 'नॅनोआरसी' नावाची फाइल उघडा. नावाच्या सुरुवातीला टिंब हवंच.

२. त्यात एक ओळ रोमन लिपीत लिहा : बाइंड, मग कॅरेट चिन्ह आणि त्याला लागून झेड, मग अनडू, शेवटी मेन. शब्दांमध्ये एकेक जागा सोडा. कॅरेट म्हणजे सहाच्या कळीवरचं टोपीसारखं चिन्ह, इथे त्याचा अर्थ कंट्रोल.

३. फाइल जतन करून नॅनो बंद करा आणि पुन्हा उघडा. ही फाइल नॅनो सुरू होतानाच वाचली जाते.

ओळीचा अर्थ मुलांना असा सांगा : 'जोड – ही कळ – या कामाला – या ठिकाणी.' मेन म्हणजे लिहिण्याचा मुख्य पडदा.

एक काळजी घ्या. कंट्रोल+आय बदलू नका. टर्मिनलला ती आणि टॅब एकच वाटतात, त्यामुळे टॅबचं कामही बदलून जाईल.

आणखी एक महत्त्वाचं. ही सोय फक्त आपल्या खात्यापुरती आहे. दुसऱ्या संगणकावर मूळच्याच कळा असणार. म्हणून ऑल्ट+यूसुद्धा शिकवा, ती बदलानंतरही चालूच राहते.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीने मुद्दाम ओळ कापली, परत आणली आणि शेजारणीलाही दाखवली. चूक दुरुस्त होते हे कळलं की मूल न घाबरता लिहितं. तुमच्या वर्गात करून पाहा.