रानातील अळंबी : ओळख, वाळवण आणि सावधगिरी
(परिसर अभ्यास व सामान्य विज्ञान : इयत्ता ५ वी ते ७ वी)

पाठाचे प्रयोजन

मृगाच्या सरी स्थिरावल्या आणि मधूनच एखादे उबदार, दमट ऊन पडले, की रानात, बांधावर व वारुळांच्या आसपास अळंबी उगवू लागते. कोकणात तिला अळंबी म्हणतात, गोव्यात ओळमी, तर विदर्भात सात्या. ग्रंथांतून तिला भूछत्र हे नाव आढळते. ग्रामीण कुटुंबास ती चार दिवसांची मेजवानी असते आणि ती शोधून आणण्यात मुलेच पुढे असतात. म्हणून हा विषय वर्गात शिकविणे जितके आनंदाचे, तितकेच जबाबदारीचे आहे. ह्या पाठातून विद्यार्थ्यांना तीन गोष्टी कळावयास हव्यात : अळंबी म्हणजे काय, ती टिकते कशी, आणि तिच्यापासून जिवास धोका केव्हा संभवतो. ह्यांपैकी तिसरी गोष्ट विसरून पहिल्या दोन शिकविणे इष्ट नव्हे.

विषयज्ञान

अळंबी ही वनस्पती नव्हे. ती बुरशीच्या वर्गातील आहे. तिच्यात हरितद्रव्य नसल्यामुळे ती आपले अन्न स्वतः तयार करू शकत नाही. आपल्याला दिसणारी छत्री हे तिचे केवळ फळ होय. खरे शरीर म्हणजे जमिनीत पसरलेले बारीक धाग्यांचे जाळे. छत्रीच्या खालच्या अंगास पापुद्र्यांसारखे पडदे असतात आणि त्यांतून बीजाणू गळतात.

वारुळाजवळ उगवणाऱ्या अळंबीची कथा विशेष मनोरंजक आहे. काही जातींची वाळवी चावलेल्या काडीकचऱ्याची पोळी जमिनीखाली रचते व तीवर एका बुरशीची बाग राखते. बुरशी काडीकचरा मऊ करते आणि वाळवी त्यावर पोसते. पावसाळ्यात हीच बुरशी जमिनीवर छत्र्या काढते. ह्या अळंबीच्या प्रजातीस रॉजर हाइम ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९४२ साली टर्मिटोमायसीस हे नाव दिले. तिचा देठ मुळासारखा लांब होऊन थेट त्या बागेपर्यंत पोचतो, म्हणूनच ती दरवर्षी बहुधा त्याच जागी सापडते. धिंगरीप्रमाणे हिची व्यापारी लागवड करणे माणसाला अद्याप साधलेले नाही. वारूळ खणून बाग मोडली, तर पुढील वर्षाची अळंबीही गेली, हे विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबवावे. सुरीने देठ कापून घ्यावा आणि काही छत्र्या बीजाणू गळण्यासाठी तशाच ठेवाव्यात.

खाद्य कोणती, विषारी कोणती ?

ह्या प्रश्नास एका वाक्यात उत्तर नाही, हेच त्याचे खरे उत्तर होय. चांदीचे नाणे काळे पडते, लसूण वा तांदूळ रंग बदलतो, किड्यांनी खाल्लेली असेल ती निर्धोक, पांढरी असेल ती चांगली, असे अनेक आडाखे लोकांत रूढ आहेत. हे सर्व आडाखे खोटे आहेत. किड्याला न बाधणारे विष माणसाला बाधते आणि अत्यंत विषारी छत्र्यांपैकी काही दिसावयास शुभ्र व चवीला रुचकर असतात.

दुसरा समज ह्याहून घातक आहे : उकळल्याने किंवा वाळविल्याने विष निघून जाते. यकृताचा नाश करणारी अमॅटॉक्सिन नावाची विषे उष्णतेने नष्ट होत नाहीत आणि वाळविलेल्या अळंबीतही कायम राहतात. तेव्हा साठवण ही ओळखीची जागा घेऊ शकत नाही. उलट, वाळल्यावर तुकड्यांची ओळख पटविणे अशक्यच होते. २०२२ च्या एप्रिल महिन्यात आसामात रानातील विषारी अळंबी खाल्ल्याने १३ जण दगावले.

म्हणून नियम असा : जी अळंबी घरातील जाणती माणसे त्याच रानातून वर्षानुवर्षे ओळखून खात आली आहेत, तीच घ्यावी. तीही मुलांनी आणली असल्यास मोठ्यांनी एकेक छत्री देठाच्या बुंध्यापर्यंत तपासावी. बुंध्याशी पिशवीसारखे वेष्टन दिसल्यास ती टाकून द्यावी. मात्र वेष्टन नाही म्हणून ती खाद्य ठरत नाही. किंचित शंका आली तरी सर्व टोपली टाकावी. शिक्षकाने स्वतः 'ही खा' असा निर्वाळा कधीही देऊ नये.

वाळविण्याची रीत

ताज्या अळंबीत सुमारे ९० टक्के पाणी असते. त्यामुळे ती एका दिवसात मऊ पडते व तिच्यात अळ्या होतात. पाणी काढून घेतले, की तिला कुजविणाऱ्या सूक्ष्म जीवांची वाढ थांबते. वाळवणाचे सारे तत्त्व एवढेच आहे.

१. अळंबी बांबूच्या टोपलीत आणावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत तिला घाम सुटतो व ती लवकर नासते.
२. माती कोरड्या फडक्याने पुसावी. पाण्यात भिजत घालू नये.
३. मोठ्या छत्र्यांचे उभे, पातळ काप करावेत. काप सुपात एकेरी पसरावेत, किंवा सुईदोऱ्याने माळ ओवून टांगावी.
४. ऊन असल्यास वरून पातळ फडके बांधून उन्हात ठेवावे. पावसाळी हवेत चुलीच्या वर, जेथे हाताला सोसेल इतकीच ऊब लागते, तेथे ठेवावे. प्रखर आचेने बाहेरचा भाग कडक होतो व आत ओल राहते.
५. काप वाकवून पाहावा. तो कटकन मोडला तर वाळला. चामड्यासारखा वाकला तर अजून ओल आहे. दोन दिवसांत वाळला नाही व वास येऊ लागला, तर टाकून द्यावा.
६. गार झाल्यावर काचेच्या कोरड्या बरणीत भरावे. आठवडाभर रोज पाहावे. काचेला आतून दमटपणा दिसल्यास पुन्हा वाळवावे. बुरशी दिसल्यास सगळेच फेकावे.

वापरताना काप अर्धा तास कोमट पाण्यात भिजवावेत आणि चांगले शिजवूनच खावेत.

ताजी अळंबी तेलात बुडवून वा हवाबंद डब्यात भरून घरी ठेवण्याचा प्रयोग मात्र करू नये. हवा नाही, आंबटपणा नाही, ओल मात्र आहे, अशा ठिकाणी बोट्युलिझमचे जंतू वाढतात. त्यांचे विष वासाने वा चवीने कळेलच असे नाही आणि ते प्राणघातक असते.

वर्गातील प्रात्यक्षिक

प्रात्यक्षिकासाठी बाजारातील धिंगरी घ्यावी. रानातील छत्री वर्गात कोणालाही चाखू देऊ नये. १०० ग्रॅम धिंगरी तोलून वाळवावी व रोज वजन नोंदवावे. शेवटी सुमारे १० ग्रॅम उरते. ह्यावरून शेकडेवारीची उदाहरणे घालता येतील. तसेच पिकलेली छत्री पडदे खाली करून कागदावर ठेवावी व वर वाटी पालथी घालावी. दुसऱ्या दिवशी कागदावर बीजाणूंचा ठसा उमटलेला मुले कुतूहलाने पाहतील.

विषबाधा झाल्यास

अळंबी खाल्ल्यावर उलटी, जुलाब वा पोटदुखी सुरू झाली, तर घरगुती उपाय करीत न बसता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. उरलेली अळंबी वा भाजी सोबत न्यावी. सहा तासांनंतर किंवा दुसऱ्या दिवशी त्रास सुरू होणे हे अधिक गंभीर लक्षण होय. त्यानंतर एखादा दिवस रोग्याला बरे वाटते, परंतु त्याच वेळी यकृत निकामी होत असते. आराम पडला म्हणून घरी थांबू नये. ज्यांनी तीच भाजी खाल्ली त्या सर्वांना, त्रास नसला तरी, तपासून घ्यावे.

स्वाध्याय

१. अळंबीला वनस्पती का म्हणत नाहीत ?
२. वाळवी आणि अळंबी परस्परांच्या कशा उपयोगी पडतात ?
३. वाळविल्याने अन्न टिकते, पण विष का जात नाही ?
४. आपल्या घरी अळंबीबद्दल कोणकोणते आडाखे सांगतात ते वडीलधाऱ्यांना विचारून लिहा. त्यांतील खरे कोणते व खोटे कोणते, ह्याची वर्गात चर्चा करा.

चौथा प्रश्न शिक्षकांनी अवश्य घ्यावा. वडीलधाऱ्यांच्या ज्ञानाचा मान राखूनही त्यातील धोक्याचा समज दूर करता येतो आणि मुलाच्या वहीवाटे तो विचार घरापर्यंत पोचतो.