जबडा मोडला तर खर्च किती? दिंडोरीकरांसाठी मार्गदर्शन

द्राक्षांच्या हंगामात नाशिक-दिंडोरी-वणी रस्त्यावर ट्रॅक्टर, पिकअप आणि दुचाक्यांची एकच गर्दी असते. अपघातात तोंडाला मार बसला की घरचे घाबरतात आणि दिसेल त्या पहिल्या दवाखान्यात ॲडव्हान्स भरून टाकतात. श्वास, रक्तस्राव आणि डोक्याचा मार यांना थांबायला वेळ नसतो. रुग्ण स्थिर झाल्यावर जबड्याच्या ऑपरेशनला मात्र बहुतेक वेळा काही दिवसांची सवड मिळते. पैसे वाचतात ते याच दिवसांत.

कुठे आणि कसा मोडतो

दुचाकीचे अपघात हे आपल्याकडचं मोठं कारण. त्याखेरीज पडणं, मारामारी, जनावराची लाथ. खालचा जबडा नालासारखा वाकलेला असल्याने एका जागी मार बसूनही तो अनेकदा दोन ठिकाणी मोडतो. हनुवटीवर आपटलं तर कानापुढचे सांधेही तुटू शकतात. गालावर फटका बसला तर त्या बाजूसोबत विरुद्ध बाजूचा सांधा तपासावा लागतो. हिरडीत अडकलेली अक्कलदाढ असेल तर तिथलं हाड आधीच कमजोर असतं.

दात पूर्वीसारखे जुळत नाहीत, खालचा ओठ बधिर झालाय, तोंड उघडत नाही, जिभेखाली काळंनिळं झालंय, यातलं काहीही दिसलं तर तपासणी टाळू नका.

पहिला तास: खर्च शून्य

१०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे. रुग्ण शुद्धीवर असेल आणि मानेला मार नसेल तर पुढे झुकवून बसवा, म्हणजे रक्त घशात उतरणार नाही. निखळलेला दात मुळाला हात न लावता दुधात ठेवून सोबत न्या. दिंडोरीच्या ग्रामीण रुग्णालयात प्रथमोपचार घ्या आणि एमएलसीची (मेडिको-लीगल केस) नोंद करून घ्या. पुढे सरकारी योजनेला आणि भरपाईच्या दाव्याला तोच कागद लागतो.

खासगीतला अंदाज

- जबड्याचा पूर्ण एक्स-रे (ओपीजी): काही शे रुपये
- चेहऱ्याचा सीटी स्कॅन: साधारण तीन ते सहा हजार
- हाड फारसं सरकलं नसेल तर दात तारांनी बांधणं: प्लेटपेक्षा बरंच स्वस्त, पण तोंड चार ते सहा आठवडे बंद
- भूल देऊन टायटॅनियमची प्लेट बसवणं: पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढे

प्लेट किती, भूलतज्ज्ञाचे पैसे वेगळे आहेत का, तारा काढण्याचे किती, हे लेखी मागा.

पैसे कोण भरतं

सरकारी आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत; नाशिकचं जिल्हा रुग्णालय त्यात येतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला भेटा. योजना कॅशलेस आहे, म्हणून ॲडव्हान्स भरण्याआधीच विचारा. रस्ते अपघातासाठी केंद्राची मे २०२५ पासूनची योजना आहे: नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार.

जबड्याचे सर्जन पंचवटीतल्या कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालयातही भेटतात. तिथल्या शुल्काची खासगी अंदाजाशी तुलना करा.

घरी आल्यावरचा खर्च

तोंड बांधलं असेल तर पेज, वरण, दूध, ताक, मिक्सरमधून काढलेली भाजी यांवरच दिवस काढावे लागतात. वजन उतरतं, म्हणून दिवसातून सहा-सात वेळा थोडं थोडं द्या. उलटी झाली तर तारा कापायला कटर हाताशी ठेवा आणि तो कसा वापरायचा हे डॉक्टरांकडून शिकून घ्या. बुडालेली मजुरी, नाशिकच्या फेऱ्या आणि तुटलेले दात बसवणं हा खर्च वेगळा धरा.

सगळ्या पावत्या, सीटीचे अहवाल आणि एमएलसीची प्रत एका फाईलमध्ये ठेवा. अपघाताच्या भरपाईचा दावा करायला कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे, त्यामुळे पहिल्या महिन्यातच वकिलांना भेटा. आणि नवं हेल्मेट घेताना हनुवटी झाकणारं, आयएसआय चिन्हाचं घ्या. अर्ध्या हेल्मेटने जबडा उघडाच राहतो.