सीट अडलीय? आधी कान लाव

अगं, पाठीला दोन उशा लावून गाडी चालवणं आजपासून बंद कर. करकचून ब्रेक मारायची वेळ आली की पाठीला टणक आधार लागतो. उशी दबली की तू मागे सरकतेस आणि पेडल पुरतं दाबलंच जात नाही. म्हणून सांगते, सासऱ्यांची गाडी चालवायची तर आधी ती सीट पुढे यायला हवी.

गॅरेजवाल्याने अख्खी सीट बदला म्हटलं ना? एवढ्यात हो म्हणू नकोस. ती डब्ल्यू १२४ मर्सिडीज, १९९५ पासून पुण्यात जोडल्या जाऊ लागल्या त्यांतली. तिच्या सीटची यंत्रणा उघडून दुरुस्त करता येते, आणि बिघाड बहुधा एखाद्या तारेत, संपर्कात नाहीतर केबलमध्ये असतो. सीटखाली १२ व्होल्टच्या छोट्या मोटारी असतात: पुढे-मागे, उंची, पाठ अशा कामांना वेगवेगळ्या. दारावरचं ते सीटच्याच आकाराचं बटण फक्त प्लस-मायनसची अदलाबदल करतं आणि मोटार उलट-सुलट फिरते.

तेव्हा पाना हातात घेण्याआधी कान लाव. रात्री सगळं शांत झालं की इंजिन बंद ठेवून चावी फिरव, आतला दिवा लाव आणि बटण दाब. मोटार गुणगुणते पण सीट हलत नाही? मग वीज ठीक आहे, केबल किंवा गिअर गेलाय. आवाज नाही पण दिवा किंचित मंदावतो? म्हणजे वीज मोटारीपर्यंत पोचतेय आणि काहीतरी अडकलंय. बटण लगेच सोड, दाबून धरलंस तर मोटार तापून जळेल. रुळात मुलांचं पेन, नाणं, वाळलेल्या ग्रीसमध्ये बसलेली धूळ, असलं काही सापडेल. आवाजही नाही, दिवाही ढिम्म? मग वीजच कुठेतरी तुटलीय, नाहीतर मोटारीतले कार्बन ब्रश झिजलेत. मोटारीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टकटक करून बघ. तेवढ्यावर ती फिरली तर दोष ब्रशचा.

वीज शोधायची तर सुरुवात फ्यूजपासून. या गाडीत जुन्या पद्धतीचे, दोन्ही टोकांना निमुळते फ्यूज असतात, आतली तार उघड्यावर. ती शाबूत दिसते म्हणून फसायला होतं, कारण टोकांवर बुरशीसारखा पांढरट थर चढतो आणि संपर्क तुटतो. आहे त्या जागी फ्यूज बोटाने गोल फिरव, कधीकधी तेवढ्यानेच सीट हलते. पण ती तात्पुरती सोय. टोकं खराब झाली असतील तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घाल, जास्तीचा कधीच नाही. तार पेटते, गं. त्यात माझं ऐकच.

मग बटण. ते दारावर असल्यामुळे त्याच्या तारा बिजागरीपाशी रबरी नळीतून जातात आणि दार हजारदा उघडून-मिटून आतल्या आत तुटतात. दार थोडं थोडं हलवत कुणाला तरी बटण दाबायला सांग. एका विशिष्ट कोनात सीट चालली तर चोर सापडला. नाहीतर बटण उघडून आतले काळे पडलेले संपर्क कॉन्टॅक्ट क्लीनरने पूस. आत बारीक स्प्रिंगा असतात, खाली ताट ठेव.

एक साधा मल्टिमीटर मात्र घेच. मोटारीच्या सॉकेटवर, बटण दाबलेलं असताना, बॅटरीइतके म्हणजे बाराच्या आसपास व्होल्ट मिळायला हवेत. आठ-नऊच मिळाले तर वाटेत गंज किंवा ढिलं अर्थिंग आहे. बॉडीला जोडलेला तो स्क्रू काढ, घासून चकचकीत कर, परत घट्ट बसव. बारा व्होल्ट पोचूनही मोटार मुकी असेल तरच ती सोडव.

तू फोनवर सांगितलंस की घुर्र आवाज येतो आणि एक बाजू सरकते, दुसरी नाही. त्यावरून मला तर केबलच वाटते. मोटारीपासून गिअरपर्यंत स्पीडोमीटरच्या केबलसारखी लवचीक केबल जाते. वर्षानुवर्षांत तिचं बाहेरचं आवरण आणि आतली तार यांची लांबी जुळेनाशी होते, मग चौकोनी टोक खोबणीतून निसटतं. आवरण टोकाशी थोडे मिलिमीटर कापलं की आतलं टोक पुन्हा पुरतं बसतं. हे काम कुठल्याही जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनला दाखव. त्यातूनही गिअरचे दातच गेले असतील, तर कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारात शोध घ्यायला सांग.

सीट खोलण्याआधी बॅटरीची मायनस काढायची, हे विसरू नकोस. अलीकडच्या गाड्यांत सीटखाली पिवळं सॉकेट असतं, ते एअरबॅगचं. गाडीच्या पुस्तकात सांगितलाय तेवढा वेळ थांबल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. हे तुझ्या नणंदेच्या नव्या गाडीसाठीही सांगून ठेवते. सीट भलती जड असते, एकटीने उचलू नकोस. बोल्ट पुरते आवळण्याआधी सगळी सॉकेटं आणि मग बॅटरी जोडून सीट एकदा पुढे-मागे टोकापर्यंत चालवून बघ. मगच टॉर्क रेंचने पुस्तकातल्या मापानुसार बोल्ट आवळायला सांग, आणि आवळताना तिथे उभी राहा.